स्वस्त विमान आणि पैशाचे सोंग

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील प्रमुख विमानतळांवर जे दृश्य दिसले, ते एरवी संपाच्या दिवसांत एस.टी.च्या स्थानकांवरच पाहावयास मिळते. सामानाच्या ढिगांवर बसलेली माणसे, रडणारी मुले, खिडक्यांपुढील न हलणाऱ्या रांगा आणि कोणालाच काही सांगता येऊ नये अशी अवस्था. इंडिगो या एकाच कंपनीची हजारो उड्डाणे अवघ्या काही दिवसांत रद्द झाली होती. वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांचा उरलेला भाग १ नोव्हेंबरपासून अमलात आला होता आणि त्यासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाचा अंदाज चुकल्याचे त्या कंपनीलाही मान्य करावे लागले. शेवटी शासनाने नियमांतून तात्पुरती सूट दिली आणि अन्य कंपन्यांची भाडी आकाशाला भिडू लागल्यामुळे भाड्यांवर कमाल मर्यादाही घातली.

देशांतर्गत विमान प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी जेव्हा एकाच कंपनीच्या विमानांत बसतात, तेव्हा त्या कंपनीची चूक ही केवळ तिची चूक राहत नाही. ती राष्ट्राची अडचण बनते. साहजिकच या प्रसंगानंतर 'नव्या कंपन्या आल्या पाहिजेत, स्पर्धा वाढली पाहिजे' असा घोष सर्वत्र सुरू झाला. त्याच महिन्यात आणखी काही नियोजित विमान कंपन्यांना केंद्र शासनाची ना-हरकत पत्रे मिळाल्याचेही जाहीर झाले. अपेक्षा रास्त आहे. परंतु तिच्यामागोमाग एक अप्रिय प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. गेल्या तीन दशकांत या देशात नव्या विमान कंपन्या काही कमी निघाल्या नाहीत. त्या टिकल्या का नाहीत?

ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी ही १९९० च्या दशकातील नावे आज केवळ जुन्या प्रवाशांच्या स्मरणात उरली आहेत. पुढे एअर डेक्कन गेली, किंगफिशर गेली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज जमिनीवर आली आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. यांपैकी बहुतेक कंपन्यांची विमाने रिकामी उडत होती असे नव्हे. प्रवासी होते, गर्दी होती, मागणी वाढतच होती. दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असताना दुकानदाराचे दिवाळे निघावे, असा हा चमत्कारिक व्यवसाय आहे. त्याचे मर्म ध्यानात घेतल्याविना स्वस्त विमानप्रवासाविषयीची कोणतीही चर्चा पोकळ ठरेल.

एका खुर्चीचे गणित

विमानातील आसन हा नाशवंत माल आहे. मंडईतील भाजीवाल्याची मेथी संध्याकाळी कोमेजते तेव्हा तो ती निम्म्या भावाने तरी विकू शकतो. विमानाने धावपट्टी सोडली की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते आणि उड्डाणाचा खर्च मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. वैमानिकाचे वेतन, विमानाचे भाडे, विमानतळाचे शुल्क आणि बहुतांश इंधन हे सारे १०० प्रवासी असोत वा १८० असोत, लागतेच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. १८० आसनांच्या एका विमानाच्या एका फेरीचा एकंदर खर्च ७ लाख २० हजार रुपये आहे असे समजा. म्हणजे एका आसनामागे ४ हजार रुपये. कंपनीने सरासरी भाडे ४,५०० रुपये ठेवले, तर वरवर पाहता प्रत्येक तिकिटामागे ५०० रुपये नफा दिसतो. पण विमान ८० टक्के भरले, तर प्रवासी होतात १४४ आणि उत्पन्न होते ६ लाख ४८ हजार. म्हणजे फेरीमागे ७२ हजारांचा तोटा. दिवसाला अशा ८० फेऱ्या केल्या, तर वर्षाअखेरीस तोट्याचा आकडा २१० कोटींवर जातो. हा व्यवहार तोंडमिळवणीला आणावयाचा तर प्रत्येक फेरीत १६० आसने भरली पाहिजेत. सर्व आसने भरलेल्या आणि शंभरातील वीस रिकाम्या राहिलेल्या विमानांत जे अंतर आहे, तेच येथे नफा आणि नाश यांमधील अंतर आहे.

यावर उपाय दोन. एक, भाडे वाढवणे. पण मग ती स्वस्त सेवा राहत नाही. दुसरा, खर्च उतरवणे. आणि अल्पदर विमानसेवेची सारी विद्या या दुसऱ्या उपायात सामावलेली आहे. एकाच जातीची विमाने ठेवावयाची, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि तंत्रज्ञ यांचा खर्च एकाच प्रकाराचा होतो. विमानात दोन वर्ग न ठेवता एकाच वर्गाची अधिक आसने बसवावयाची. भोजन फुकट देण्याऐवजी विकावयाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमानाला जमिनीवर स्वस्थ बसू द्यावयाचे नाही.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व पुन्हा आकड्यांतच कळते. विमान दिवसाला १२ तास कामावर आहे आणि एक उड्डाण सव्वा तासाचे आहे असे धरा. प्रत्येक मुक्कामी ते एक तास थांबले, तर दिवसाला ५ फेऱ्या होतात. अर्ध्या तासात प्रवासी उतरवून, झाडलोट करून, नवे प्रवासी घेऊन ते निघाले, तर ७ फेऱ्या होतात. विमानाचे भाडे व अन्य ठरीव खर्च मिळून रोजचा बोजा साडेदहा लाखांचा असेल, तर पहिल्या कंपनीला फेरीमागे २ लाख १० हजार पडतात, दुसरीला दीड लाख. अर्ध्या तासाच्या शिस्तीतून मिळालेले हे ६० हजार रुपये म्हणजेच स्वस्त तिकीट. जाहिरातीतील भाडे कोणालाही छापता येते. ही शिस्त रोज, पावसात आणि धुक्यात, सांभाळणे मात्र फार थोड्यांना जमले आहे.

अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीची गोष्ट या दृष्टीने बोधप्रद आहे. प्रस्थापित कंपन्यांनी घातलेले न्यायालयीन अडसर ओलांडण्यात तिची पहिली वर्षे गेली आणि जून १९७१ मध्ये टेक्सास राज्यातील तीन शहरांमध्ये तिची सेवा सुरू झाली. पुढच्याच वर्षी पैशाची चणचण इतकी वाढली की चार विमानांपैकी एक विकावे लागले. तरीही वेळापत्रक कमी न करता उरलेल्या तीन विमानांत चौघांचे काम करण्याचे तिने ठरविले आणि त्यासाठी विमान दहा मिनिटांत परत उडविण्याची पद्धत बसविली. १९७३ मध्ये ब्रॅनिफ या बलाढ्य कंपनीने भाडे निम्म्यावर, म्हणजे १३ डॉलरांवर आणून तिला चिरडू पाहिले. तेव्हा साउथवेस्टने प्रवाशाला निवड दिली. १३ डॉलर द्यावेत किंवा पूर्ण भाडे, म्हणजे २६ डॉलर, देऊन मद्याची एक बाटली भेट घ्यावी. कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्या साहेबलोकांनी दुसरा पर्याय आनंदाने स्वीकारला. तिकिटाचे पैसे कचेरीचे आणि बाटली घरची! युक्ती गमतीची होती, पण तिने तग धरता आला तो आधी खर्च आवरलेला होता म्हणून.

लेकरची शोकांतिका

उलट बाजूचे उदाहरण ब्रिटनमधील फ्रेडी लेकर यांचे. लंडन ते न्यूयॉर्क हा प्रवास श्रीमंतांचा मानला जात असताना या जिद्दी माणसाने 'स्कायट्रेन' नावाची सेवा योजिली. आगाऊ आरक्षण नाही, रांगेत उभे राहावे, तिकीट काढावे आणि बसावे, अशी ती आगगाडीसारखी कल्पना होती. परवान्यासाठी त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले आणि आपल्याच देशाच्या शासनाविरुद्ध न्यायालयात जाऊन त्यांनी दावा जिंकला. २६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिले विमान उडाले, तेव्हा एकेरी भाडे होते ५९ पौंड. सामान्य माणसाला अटलांटिक ओलांडता आला. लेकर यांना पुढच्याच वर्षी 'सर' हा किताब मिळाला.

आणि तरीही ५ फेब्रुवारी १९८२ रोजी ही कंपनी कोसळली. तिच्या डोक्यावर २५ कोटींहून अधिक पौंडांचे कर्ज होते. कारणे एकाहून अधिक होती. १९७९ मध्ये शिकागो येथील भीषण अपघातानंतर डीसी-१० जातीची विमाने काही काळ जमिनीवर ठेवण्यात आली आणि लेकर यांची लांब पल्ल्याची सेवा याच विमानांवर उभी होती. इंधन महागले. मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या मार्गांवर त्यांच्याइतकेच भाडे ठेवले, कारण त्यांना तो तोटा अन्य मार्गांवर भरून काढता येत होता. आणि उत्पन्नाचा मोठा भाग पौंडांत, पण विमानांचे कर्ज डॉलरांत, अशी स्थिती असताना पौंड घसरला. बड्या कंपन्यांनी संगनमत करून आपल्याला संपविले या आरोपावरून अमेरिकेत दावा गुदरण्यात आला आणि १९८५ मध्ये तो तडजोडीने मिटला. परंतु तोवर स्कायट्रेन इतिहासजमा झाली होती.

लेकर यांच्यापुढील यांतील प्रत्येक संकट पुढे भारतातील कंपन्यांपुढे उभे राहिले. एकाच जातीच्या विमानावरील अवलंबन, इंधनाचे भाव, बड्यांची दरकपात आणि परक्या चलनातील देणी, ही चारही नावे आपल्याकडच्या मृत्युलेखांत पुन:पुन्हा आढळतात.

डेक्कनचा उदय आणि अस्त

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यासाठी केलेला कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. या चार दशकांत विमान हे मंत्र्यांचे, अधिकाऱ्यांचे आणि धनिकांचे वाहन होते. शिक्षकाने वा कारकुनाने त्याकडे मान वर करून पाहावे, एवढाच त्याचा संबंध. ही स्थिती बदलण्याचे धाडस कॅप्टन गोपीनाथ यांनी केले. सैन्यातून निवृत्त झालेला, कर्नाटकातील हासन जिल्ह्यात रेशीमशेती केलेला आणि पुढे हेलिकॉप्टरची सेवा चालविणारा हा गृहस्थ. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांची एअर डेक्कन सुरू झाली, ती लहान एटीआर विमानांवर आणि हुबळीसारख्या शहरांना बंगलोरशी जोडत. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' तिचे बोधचिन्ह झाला, यातच सर्व आले. तिकिटे महाजालावर आणि पेट्रोल पंपांवरही विकली जाऊ लागली. काही मोजकी तिकिटे तर १ रुपयाला मिळत. थोड्याच वर्षांत साठांहून अधिक ठिकाणे या सेवेने जोडली. पहिल्यांदाच विमानात पाऊल ठेवणारी हजारो कुटुंबे या कंपनीची ऋणी आहेत, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पण विस्ताराचा वेग भांडवलाच्या बळाशी जुळत नव्हता. दोन जातींची विमाने, अपुरे तंत्रज्ञ, विलंब आणि रद्द होणारी उड्डाणे यांनी खर्च वाढत गेला. २००६ मध्ये कंपनीने भागविक्री काढली, तेव्हा शेअर बाजार कोसळत होता. विक्रीची मुदत वाढवावी लागली, किंमत खाली आणावी लागली. त्याच सुमारास स्पाइसजेट, गोएअर आणि इंडिगो याही रिंगणात उतरल्या आणि जो तो खर्चाखालच्या दराने तिकीट विकू लागला. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण विमान व्यवसायाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच अन्य व्यवसायाला पडत असेल. २००७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या उद्योगसमूहाने डेक्कनमधील २६ टक्के भाग प्रथम घेतले आणि २००८ पर्यंत ती किंगफिशरमध्ये विलीन झाली.

या विलीनीकरणामागे आणखी एक कारण सांगितले जाते, ते शासकीय नियमाचे. परदेशी उड्डाणांसाठी कंपनीला देशांतर्गत सेवेची ५ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि तिच्याजवळ २० विमाने असावीत, असा दंडक त्या वेळी होता. डेक्कनची ५ वर्षे ऑगस्ट २००८ मध्ये भरली आणि सप्टेंबरमध्ये किंगफिशरचे विमान लंडनला निघाले. स्वस्त सेवा ही अशा रीतीने दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेची शिडी झाली. २००८ च्या जुलैत खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरांपर्यंत चढला आणि साऱ्याच कंपन्यांचे कंबरडे मोडले. २०११ मध्ये किंगफिशरने आपली स्वस्त सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिचा उड्डाण परवानाच स्थगित झाला. तोवर कर्मचाऱ्यांचे अनेक महिन्यांचे वेतन थकले होते.

याच काळात इंडिगो का तरली? २००५ च्या जूनमध्ये, पहिले उड्डाण होण्याच्या एक वर्ष आधी, तिने एअरबस कंपनीकडे एकदम १०० विमानांची मागणी नोंदविली. मोठ्या खरेदीवर मिळणारी सवलत पदरात पाडून घ्यावयाची, विमान ताब्यात येताच ते भाडेपट्टा कंपनीला विकावयाचे आणि तेच भाड्याने वापरावयाचे, अशी तिची रीत होती. त्यामुळे कर्जाचा डोंगर उभा राहिला नाही, रोख पैसा हाती राहिला आणि सुमारे सहा वर्षांनी विमान परत केले जात असल्याने मोठ्या दुरुस्तीचा खर्चही टळला. पहिली अनेक वर्षे तिने एकाच जातीची विमाने ठेवली. यात चमत्कार काही नव्हता. अंथरूण आधी विणून मग पाय पसरले, एवढेच.

तेल, रुपया आणि धावपट्टी

नव्या कंपनीने सर्व शिस्त पाळली, तरीही काही ओझी अशी आहेत की ती तिच्या हातची नाहीत. त्यांत पहिले इंधन. भारतातील विमान कंपनीच्या खर्चाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग त्यावर जातो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा विमानाचे इंधन त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. त्यामुळे त्यावर प्रत्येक राज्याचा मूल्यवर्धित कर वेगळा आणि तो काही राज्यांत पाव हिश्शाहूनही अधिक राहिला. महाराष्ट्राने मुंबई, पुणे व रायगड परिसरातील हा कर २५ टक्क्यांवरून १८ वर आणण्याचे २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. जी राज्ये विमानतळांची उद्घाटने थाटाने करतात, तीच त्या विमानतळावर इंधन भरणाऱ्याकडून भरघोस कर घेतात, ही विसंगती डोळ्यांआड करता येणार नाही.

दुसरे ओझे रुपयाचे. प्रवासी रुपयांत तिकीट घेतो. विमानाचे भाडे, इंजिनाची देखभाल, सुटे भाग यांची देणी डॉलरांत असतात. २००३ मध्ये डॉलरला सुमारे ४६ रुपये पडत. डिसेंबर २०२५ मध्ये हा भाव नव्वदीपार गेला. कंपनीने काहीही न करता तिचा एक मोठा खर्च जवळजवळ दुप्पट झाला.

तिसरे जागेचे. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून व्यवहारात एका वेळी एकीचाच उपयोग होतो. अशा विमानतळावर सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळा जुन्या कंपन्यांनी आधीच व्यापलेल्या असतात. नव्याच्या वाट्याला येते ती आडवेळ. नोकरदार माणूस सकाळी जाऊन रात्री परतू इच्छितो. त्याला दुपारी दोनचे विमान स्वस्त मिळूनही उपयोगाचे नसते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला. ही कोंडी त्याने थोडीतरी फुटेल, अशी आशा बाळगता येते. त्याची सोयीची वेळ पुन्हा जुन्यांच्याच पदरात पडणार नाही, एवढे मात्र पाहिले पाहिजे.

चौथे ओझे यंत्राचे. जगात मोठी प्रवासी विमाने बनविणाऱ्या प्रमुख कंपन्या दोनच आणि त्यांची इंजिने पुरविणाऱ्याही बोटांवर मोजण्याइतक्या. मुंबईत मुख्यालय असलेल्या वाडिया समूहाच्या गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज करताना इंजिने वेळेवर न मिळाल्याने आपली जवळजवळ निम्मी विमाने उभी असल्याचे कारण दिले. विमान उभे राहिले तरी त्याचे भाडे चालूच राहते. अखेर जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला.

पाचवे आणि सर्वांत नाजूक बळ माणसांचे. ७ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई ते अहमदाबाद या उड्डाणाने आकासा एअर सुरू झाली. भांडवल होते, ७२ विमानांची मागणी नोंदविलेली होती, चालक अनुभवी होते. तरीही एका वर्षाच्या आतबाहेर, २०२३ मध्ये, तिचे ४० हून अधिक वैमानिक ठरलेल्या मुदतीची सूचना न देता निघून गेले आणि तिला उड्डाणे रद्द करून न्यायालयात धाव घ्यावी लागली. वैमानिक तयार होण्यास वर्षे लागतात. विमाने मात्र पैसे टाकले की घेता येतात. या विषम गतीमुळे प्रत्येक नवी कंपनी जुनीच्या वैमानिकांवर डोळा ठेवते आणि तीच पाळी पुढे तिच्यावर येते. वैमानिकाच्या विश्रांतीत काटकसर करणे हा यावरचा मार्ग असू शकत नाही. थकलेल्या हाती दीडशे-दोनशे जिवांची दोरी देणे ही स्वस्ताई नव्हे.

अनुदानाच्या कुबड्या

बाजाराला जे जमत नाही ते शासनाने करावे, या विचाराने 'उडान' योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गाने तिचा आरंभ झाला आणि त्याच दिवशी आपले नांदेडही हैदराबादशी जोडले गेले. सुमारे एका तासाच्या प्रवासासाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा, ठरावीक आसनांवर कंपनीला तीन वर्षे अनुदान, अशी तिची रचना होती. हेतू उत्तम. पण महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात तिसऱ्या टप्प्यापर्यंतचा हिशेब मांडला, तो विचार करावयास लावणारा आहे. ७७४ मार्ग बहाल झाले. प्रत्यक्ष सुरू झाले ३७१. सवलतीची पूर्ण तीन वर्षे चालले ११२. आणि त्यानंतर, मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिले ते केवळ ५४.

मराठवाड्यातील वा खानदेशातील माणसाला हे आकडे नवीन नाहीत. विमान सुरू झाल्याची बातमी पहिल्या पानावर येते, पुढाऱ्यांची छायाचित्रे निघतात आणि काही महिन्यांनी विमान बंद झाल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकते. पुन्हा सुरू, पुन्हा बंद, असा हा खेळ चालतो. ज्या मार्गावर अनुदान संपल्यावर पुरेसे प्रवासी मिळणार नाहीत, तेथे तीन वर्षांनी काय होणार हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे. काही ठिकाणी कायम अनुदान देणेही समाजहिताचे असेल, जसे डोंगराळ वा बेटांच्या भागात. पण मग ते तसे उघड सांगावे. जेथे रेल्वे आणि रस्ता सुधारून अधिक माणसांची सोय होते, तेथे विमानाचा हट्ट म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बिनव्याजी सावकार

या साऱ्या व्यवहारात एक पक्ष असा आहे, की ज्याला आपण पक्ष आहोत हेच ठाऊक नसते. तो म्हणजे तिकीट काढणारा प्रवासी. दिवाळीच्या सुटीचे तिकीट तो जूनमध्ये काढतो, कारण तेव्हा ते स्वस्त असते. त्या क्षणी तो चार-पाच महिन्यांसाठी कंपनीला बिनव्याजी, बिनतारणाचे कर्ज देतो. लाखो प्रवाशांच्या अशा पैशांवर कंपनीचा रोजचा खर्च चालतो. रोख पैसा आटू लागला की कंपनी आणखी मोठी सवलत जाहीर करते. तिकिटे धडाधड खपतात, आजची देणी भागतात आणि उद्याच्या फेरीचा खर्च उघडा पडतो. म्हणूनच अडचणीतील कंपनीची सर्वांत आकर्षक योजना ही पुष्कळदा तिच्या प्राणवायूच्या शेवटच्या नळकांड्यासारखी असते.

कंपनी बुडाली म्हणजे बँकांपाशी तारण असते, विमाने भाड्याने देणारे आपली विमाने मागतात, पण प्रवासी आणि कर्मचारी हे रांगेच्या शेपटाला उभे राहतात. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या थकित वेतनासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. तिच्या पुनरुज्जीवनाची आशा नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश देताच मावळली. गो फर्स्टच्या प्रवाशांनाही तिकिटाचे पैसे मागण्यासाठी दावेदार म्हणून नाव नोंदवावे लागले. ज्या कारकुनाने महिन्याच्या पगारातून वाचवून मुलाबाळांसह पहिल्यांदा विमानात बसण्याचे ठरविले, त्याला दिवाळखोरीच्या कायद्यातील 'धनको' ही पदवी मिळावी, यापरता दैवदुर्विलास कोणता?

ब्रिटनमध्ये सहल-कंपन्या बुडून प्रवासी परदेशी अडकू लागले, तेव्हा १९७० च्या दशकापासून त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था उभी राहिली. कंपनी बुडाली तरी सहलीच्या प्रवाशाला घरी आणण्याची आणि पैसे परत करण्याची तरतूद तीत आहे. आपल्याकडे नव्या कंपन्यांना परवाने देताना निदान आगाऊ तिकिटांच्या रकमेचा काही हिस्सा स्वतंत्र खात्यात ठेवण्याची अट घालता येणार नाही काय? विमानाच्या यंत्राची तपासणी जितक्या कठोरपणे होते, तितक्याच कठोरपणे कंपनीच्या तिजोरीचीही ठरावीक मुदतीने व्हावी आणि तिचा निष्कर्ष लोकांसमोर यावा. याने नव्या कंपनीवर ओझे वाढेल हे खरे. पण ज्या कंपनीला उद्याच्या प्रवाशाचे पैसे आज खर्च केल्याशिवाय उडताच येत नाही, ती मुळातच उडण्याच्या योग्यतेची नाही.

नव्या विमान कंपन्या हव्यात, याबद्दल दुमत असू नये. एकाच कंपनीवर देशाचा प्रवास टांगून ठेवण्यातील धोका डिसेंबर २०२५ ने दाखवून दिला आहे. परंतु स्पर्धा टिकते ती टिकणाऱ्या स्पर्धकांमुळे. खर्चाखाली तिकीट विकून दोन वर्षांत मोडणारी कंपनी जाताना आपला बाजार सर्वांत बलवान कंपनीच्याच हवाली करून जाते. म्हणजे जी मक्तेदारी मोडण्यासाठी ती आली, तिलाच ती खतपाणी घालते. राज्यांनी इंधनावरील कर माफक करावेत, विमानतळांनी नव्यांना सोयीच्या वेळा द्याव्यात, वैमानिकांच्या शिक्षणाची सोय वाढावी आणि परवाना देणाऱ्यांनी घोषणांपेक्षा भांडवल मोजावे. हे घडले तर शिक्षकाला, कारकुनाला आणि परीक्षेसाठी दूर जाणाऱ्या विद्यार्थ्याला विमान हे पाचशे रुपयांच्या सोडतीतील बक्षीस वाटणार नाही, एस.टी.सारखेच ते त्याच्या हक्काचे, भरवशाचे वाहन होईल. तोवर नव्या कंपनीच्या पहिल्या दिवसाच्या भाड्याने हुरळून न जाता तिच्या तिसऱ्या वर्षाच्या ताळेबंदाकडे पाहण्याची सवय समाजाने लावून घेतलेली बरी.